टेनिस नव्याने शिकताय? आधी लाइनचा नियम पक्का करा

दर उन्हाळ्यात आमच्या सकाळच्या बॅचला नवी मंडळी येतात. कुणी दहावीची परीक्षा संपवून आलेलं, कुणी चाळिशीत पहिल्यांदा रॅकेट धरणारं. प्रश्न बहुतेक तेच असतात, फक्त विचारायला संकोच वाटतो.

१५, ३०, ४०, गेम ही मोजणी दोन दिवसांत अंगवळणी पडते. ४०-४० झालं की ड्यूस, तिथून सलग दोन पॉइंट घेतले की गेम. त्याची धास्ती नको.

खरी भांडणं होतात ती लाइनवरून. टीव्हीवरच्या सामन्यात पंच असतात, आपल्या कोर्टवर कुणी नसतं. म्हणून नियम असा, की आपल्या बाजूचा कॉल आपणच द्यायचा आणि लगेच द्यायचा. आपला परतीचा फटका कुठे जातोय ते पाहून मग ‘आउट’ म्हणायचं नाही. चेंडूची कड लाइनला नुसती लागली तरी तो आत. लाइन आणि चेंडू यांच्यामध्ये फट स्पष्ट दिसली तरच आउट. शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. डबल्समध्ये एक जोडीदार आउट म्हणतो आणि दुसऱ्याला चेंडू आत दिसतो, तेव्हाही तो आतच धरायचा. मला विचाराल तर बॅकहँड सुधारण्याआधी ही सवय लावून घ्या. जिचे कॉल खरे असतात, तिच्याशी खेळायला सगळे तयार असतात.

परवाच एक मुलगा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या लाइनच्या, चांगला दोन पावलं मागे उभा होता. चेंडू सरळ बाहेर चालला होता. त्याने तो टप्पा पडायच्या आत हाताने झेलला आणि ‘आउट’ म्हणाला. पॉइंट मात्र प्रतिस्पर्ध्याला गेला, आणि तो बघतच राहिला. तुम्ही कोर्टच्या आत असा की बाहेर, टप्पा पडण्याआधी चेंडू अंगाला किंवा हाताला लागला की पॉइंट गेला. सोडून द्या, पडू द्या, मग बोला.

सर्व्हिस खालून केली तर चालते का? चालते, पूर्ण नियमात बसते. खांदा दुखत असेल तर बिनधास्त करा. टॉस बिघडला तर रॅकेट न फिरवता चेंडू झेलून पुन्हा उडवा, फॉल्ट (म्हणजे चुकलेली सर्व्हिस) होत नाही. रॅकेट फिरवलं आणि चेंडू हुकला, तर मात्र फॉल्ट. सर्व्हिस नेटला लागून योग्य चौकोनात पडली तर लेट. ती सर्व्हिस परत करायची, कितीही वेळा. शेजारच्या कोर्टवरून मध्येच चेंडू घरंगळत आला तर लगेच ‘लेट’ म्हणून थांबा. मग अख्खा पॉइंट पहिल्या सर्व्हिसपासून पुन्हा खेळायचा.

सेटमध्ये गेम ६-६ झाल्यावर टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम. पहिला खेळाडू एकच सर्व्हिस करतो, पुढे प्रत्येकी दोन-दोन, आणि दर सहा पॉइंटनंतर बाजू बदलायची. सात पॉइंट आणि दोनची आघाडी लागते. ग्रँड स्लॅममध्ये 2022 पासून शेवटच्या सेटचा टायब्रेक दहा पॉइंटचा असतो, त्यामुळे टीव्ही पाहून गोंधळू नका.

आणि प्रत्येक सर्व्हिसआधी स्कोअर मोठ्याने सांगा, सर्व्हिस करणाऱ्याचा आधी. गल्लत झाली तर ती त्याच पॉइंटला लक्षात येते.