गणपतीचे फोटो मुंबईला पाठवताना

मालवण-देवगडकडच्या घरांत माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची सजावट, बांधून झाली की फोटो लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. मोबाइलवर बघायला ते छान दिसतात. पण त्यातलाच एखादा मोठा करून फ्रेमला लावायचा म्हटलं की माटवीतली कवंडळं, आंब्याचे टाळे, सगळंच धूसर! कारण पाठवताना व्हॉट्सॲप फोटोचा आकार कमी करतं. २०२३ पासून 'एचडी'चा पर्याय आलाय, तो जरूर निवडा. तरी थोडा बारकावा जातोच. छापायचा फोटो मात्र 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. तो जसाच्या तसा पोचतो.

यात एक सांभाळा. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलसोबत घराचा नेमका ठावठिकाणाही जातो. घरच्यांना पाठवायला हरकत नाही, भलत्या ग्रुपवर नको. विसर्जन झालं की कुलूप लागणारी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. म्हणून गौरीच्या अंगावरचे दागिने आणि 'उद्या निघतोय' हे दोन्ही फेसबुकवर टाकू नका, अगदी कळकळीने सांगतो.

फोटो ढीगभर असतील तर गूगल फोटोजवर शेअर्ड अल्बम करा आणि लिंक द्या. जागा मात्र बघून घ्या. १ जून २०२१ पासून नवे फोटो जीमेल आणि ड्राइव्हसकट मोफत १५ जीबीतच धरले जातात. लिंक ज्याच्या हाती पडेल तो अल्बम बघू शकतो, तेव्हा सगळ्यांनी फोटो उतरवून घेतले की अल्बमच्या सेटिंगमध्ये जाऊन लिंक बंद करा.