आर्चवर मॅटलॅब चालवायचं असेल तर

पीएचडीला लागलात, लॅपटॉपवर हौसेने आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत, आणि मग कळलं की ग्रुपचा सगळा कोड मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा वेळी सीनियर मंडळी सरळ ‘आर्च काढ’ म्हणतात. काढायची गरज नाही. मात्र बिघडल्यावर कोण दुरुस्त करू शकतं आणि कोण नाही, एवढं आधी समजून घ्या.

आर्च स्वयंसेवक चालवतात आणि त्यातली पॅकेजेस सतत पुढे सरकत असतात. मॅटलॅब बनवणारी मॅथवर्क्स उबुंटू, डेबियन, रेड हॅट अशा इतर लिनक्सच्या ठरावीक आवृत्त्यांनाच पाठिंबा देते. त्या यादीत आर्च नाही. आर्चवाल्यांकडे मॅटलॅबचा सोर्स कोड नाही, त्यामुळे मनात असूनही त्यांना आत हात घालता येत नाही. एयूआरवर, म्हणजे आर्च वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पॅकेजांच्या साठ्यात, मॅटलॅबचं पॅकेज दिसेल, पण त्यात मॅटलॅब नसतं, कारण ते दुसऱ्याने वाटायला परवाना मुभा देत नाही. इन्स्टॉलर आपणच कॉलेजच्या खात्यातून उतरवायचा. पीकेजीबिल्ड (पॅकेजमधलं सूचनांचं टिपण) फक्त तो कुठे, कसा बसवायचा ते सांगतं. तेही तुमच्या-माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं असतं, तेव्हा वाचूनच चालवा.

बिघडतं नेमकं कसं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे जीलिबसी या बहुतेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची २.४१ ही आवृत्ती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती आर्चवर आली. तोवर एखाद्या लायब्ररीने चालू प्रोग्रॅममध्ये येताना ‘स्टॅकवरचा (तात्पुरत्या माहितीच्या मेमरीतला) मजकूर कोड म्हणून चालवू द्या’ अशी मागणी केली, की जीलिबसी निमूटपणे मान्य करायची. सुरक्षेच्या दृष्टीने हे धोक्याचं, म्हणून २.४१ मध्ये ते बंद झालं. गंमत अशी की पुष्कळ लायब्रऱ्यांना त्याची खरी गरज नसतेच. असेंब्ली भाषेतल्या एखाद्या फाइलमध्ये ‘याची गरज नाही’ असं नोंदवायचं राहून गेलेलं असतं, आणि त्यामुळे लायब्ररीवर मागणीची खूण बसते. मुक्त सॉफ्टवेअर दुरुस्त करून पुन्हा कंपाइल केलं की प्रश्न मिटतो. बंदिस्त सॉफ्टवेअर तसंच अडून राहतं. डिस्कॉर्ड या चॅटच्या अ‍ॅपचं असं होणार हे आर्चने आधीच जाहीर केलं होतं. मॅटलॅबच्या जुन्या आवृत्त्याही ‘कॅनॉट इनेबल एक्झिक्युटेबल स्टॅक’ म्हणून थांबल्या. उपाय छोटा आहे: एररमध्ये नाव आलेल्या लायब्ररीची प्रत बाजूला ठेवा आणि पॅचएल्फ या साधनाच्या ‘क्लिअर-एक्झेकस्टॅक’ पर्यायाने ती मागणीची खूण पुसा.

दुसरा नेहमीचा त्रास ग्राफिक्सचा. मॅटलॅब स्वतःची सी++ लायब्ररी सोबत आणतं. तुमचा मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हर त्याहून नव्या लायब्ररीवर बांधलेला असतो, त्यामुळे तो लोड होत नाही आणि सगळं रेखाटन सीपीयूवर येतं. थ्रीडी प्लॉट फिरवताना अडखळायला लागला की हेच तपासा. एलडी प्रीलोड या सेटिंगने सिस्टिमची लायब्ररी पुढे करता येते, पण ते फक्त मॅटलॅब सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहा. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना दर वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) घातलंत तर बाकीचे प्रोग्रॅमही त्यात ओढले जातील.

हे नको असेल, आणि थीसिसच्या वर्षात नकोच असावं, तर मॅटलॅबला वेगळी खोली काढून द्या. डिस्ट्रोबॉक्स या साधनाने उबुंटू एलटीएसचा (दीर्घकाळ पाठिंबा मिळणाऱ्या आवृत्तीचा) कंटेनर, म्हणजे आर्चच्या आतच वेगळी ठेवलेली सिस्टिम, बनवा आणि मॅटलॅब त्यात बसवा. आतली जीलिबसी उबुंटूची, म्हणून बाहेर आर्च कितीही पुढे गेलं तरी मॅटलॅबला पत्ता लागत नाही. होम फोल्डर तेच राहतं, खिडक्या नेहमीच्याच डेस्कटॉपवर उघडतात. नेटवर्कही मूळ यंत्राचंच असतं, त्यामुळे मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) बांधलेला परवाना सहसा कुरकुरत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंटेनर बनवतानाच त्याचा पर्याय द्या.

जीलिबसी इग्नोअरपॅकेजमध्ये (अपडेट न करायच्या पॅकेजांच्या यादीत) टाकून अडवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आर्च अर्धवट अपडेटला पाठिंबा देत नाही, आणि मॅटलॅब वाचवताना बाकीची सिस्टिम कोलमडेल. उद्या प्रोग्रेस सेमिनार असेल तर आज अपडेटच करू नका, एवढं पुरेसं आहे.

मदत मागण्याआधी मॅटलॅब टर्मिनलमधून सुरू करा आणि पहिली एरर पाहा. शेवटची बहुधा तिची पिल्लावळ असते. एलडीडी ही कमांड चालवली की कोणती लायब्ररी सापडत नाही तेही दिसतं. हे आर्चच्या बगट्रॅकरवर टाकू नका, तिथे कुणाच्याच हातात काही नसतं. एयूआरच्या पॅकेजखाली लिहा.

कोड नुसता मॅट्रिक्स आणि प्लॉटचा असेल तर ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून बघा. बऱ्याचदा किरकोळ बदलांत चालतो. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब या अशाच मुक्त सॉफ्टवेअरचं शिक्षण देतो, तेही पाहण्यासारखं आहे. सिम्युलिंकची (मॅटलॅबसोबतच्या आकृत्यांनी मॉडेल बनवायच्या साधनाची) मॉडेलं असतील तर मात्र या वाटेला जाऊ नका, कंटेनर उभा करा आणि कामाला लागा.