असिंक मॅप आणि रिड्यूस: कामं एकदम की एकामागून एक?

समजा, जावास्क्रिप्टमध्ये तुमच्या यादीत 10 आयडी आहेत, प्रत्येकाची माहिती सर्व्हरवरून आणायची आहे आणि एका विनंतीला 300 मिलिसेकंद लागतात. एकामागून एक आणली तर 3 सेकंद जातात. सगळ्या विनंत्या एकदम सोडल्या आणि सर्व्हरला त्या झेपल्या, तर 300च्या आसपास काम आटोपतं.

आधी एक गोष्ट पक्की करा: काम सुरू होतं ते फंक्शन कॉल केल्यावर. अवेट फक्त निकालाची वाट पाहतं.

आता फॉरईच, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारी सोय, बाजूला ठेवा. त्याला असिंक फंक्शन दिलं, तर परत आलेल्या प्रॉमिसकडे, म्हणजे निकाल नंतर मिळेल या वचनाकडे, ते बघतही नाही. पुढची ओळ चालू लागते आणि माहिती मागाहून येते. अटीत बसणारेच घटक ठेवणाऱ्या फिल्टरमध्ये तर प्रॉमिस कायम ट्रूथी, म्हणजे खरं, ठरतं, त्यामुळे एकही घटक गळत नाही. एररही येत नाही, म्हणून ही चूक फार छळते.

मग बघा, पुढच्या कामाला आधीचं काम पूर्ण झालेलं लागतं का?

लागत नसेल तर मॅप वापरा, ते प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून निकालांची यादी देतं. सगळी कामं तिथेच सुरू होतात आणि हाती प्रॉमिसांचा ॲरे येतो. तो प्रॉमिस.ऑलला देऊन अवेट करा. कुठलंही काम आधी संपो, निकाल मूळ क्रमानेच मिळतात. एक जरी प्रॉमिस रिजेक्ट झालं, म्हणजे त्याचं काम फसलं, तरी प्रॉमिस.ऑल लगेच रिजेक्ट होतं. बाकीच्या विनंत्या मात्र चालूच राहतात. यशापयश प्रत्येकाचं हवं असेल, तर 2020 साली भाषेत आलेलं प्रॉमिस.ऑलसेटल्ड घ्या.

लागत असेल, उदाहरणार्थ डेटाबेसची मायग्रेशन्स (त्याच्या रचनेतले क्रमाने करायचे बदल) चालवायची असतील, तर रिड्यूस, जे प्रत्येक फेरीचा निकाल पुढच्या फेरीला देतं. सुरुवातीची किंमत प्रॉमिस.रिझॉल्व्ह (आधीच पूर्ण झालेलं प्रॉमिस), आणि प्रत्येक फेरीत आधी ॲक्युम्युलेटरवर, म्हणजे मागच्या फेरीतून आलेल्या प्रॉमिसवर, अवेट, मगच पुढच्या फंक्शनचा कॉल. या दोन ओळींची अदलाबदल झाली की सगळी कामं एकदम सुटतात आणि कोड मात्र क्रमवारच दिसतो. खरं सांगायचं तर इथे मला फॉर-ऑफ लूपमधलं साधं अवेटच आवडतं. वाचणाऱ्याला क्रम लगेच कळतो.

हजार विनंत्या असतील तर एकदम सोडू नका, सर्व्हर त्या नाकारू शकतो. यादीचे पाच-पाचचे तुकडे करा: बाहेर फॉर-ऑफ, आत प्रॉमिस.ऑल. तुकड्यातलं सर्वांत मंद काम बाकीच्यांना थांबवून धरतं, पण सुरुवातीला एवढं पुरतं.