छोट्या जागेत बँड ऐकायला जाताना

आत शिरलात की आधी साउंडवाला कुठे बसलाय ते बघा. मी नेहमी त्याच्या मिक्सरच्या जरा पुढे उभी राहते. तो जे ऐकून आवाज जुळवतो, जवळपास तेच तिथे आपल्यालाही ऐकू येतं. स्टेजला अगदी चिकटलात तर ड्रम आणि गिटारचे अँप (गिटारचा आवाज मोठा करणारे स्पीकरचे डबे) थेट कानावर येतात नि गाणाऱ्याचे शब्द हरवतात, कारण त्याचे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांकडे रोखलेले असतात. भिंतीला टेकू नका, तिथे नुसता बेस घुमतो.

तरी एखादं गाणं पुढे जाऊन बघाच. ड्रमरचा उजवा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर पडतो त्याच क्षणी बेस गिटारवाल्याची बोटंही तारेवर कशी बरोबर पडतात, ते तिथूनच दिसतं. मला तर त्यासाठीच जावंसं वाटतं!

इअरप्लग न्याच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि छोट्या खोलीत नुसता ड्रमसेटही तिथवर पोचतो. कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही. संगीतासाठीचे प्लग मिळतात, ते घ्या.

आणि वेळेवर जा. सुरुवातीला वाजवणाऱ्या बँडसमोर फरशी रिकामी असते, ते त्यांच्या मनाला फार लागतं. नंतर भेटलात तर कुठलं गाणं आवडलं ते त्यांना नाव घेऊन सांगा.