बडोद्याच्या घरातले जुने फोटो आणि मोडी कागद पावसाळ्याआधी स्कॅन करताना

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली आणि बडोद्यात कितीतरी घरांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. फ्रीज, सोफा पुन्हा विकत घेता येतो. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेला आजोबांच्या मुंजीचा फोटो पुन्हा मिळत नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत असे अल्बम, लग्नपत्रिका आणि मोडी कागदांची बोचकी अजून भरपूर आहेत. दिवसभर वेबसाइटींचं काम करणाऱ्याला फाइलींना नावं देणं, बॅकअप घेणं, युनिकोड (सगळ्या लिपींच्या अक्षरांना संगणकात ठरवून दिलेले क्रमांक) सांभाळणं हे रोजचंच असतं. तेच कसब शनिवार-रविवारी घरच्या ठेव्यासाठी वापरायचं आहे. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, कागद सुटे होतात, तेव्हा चैत्र-वैशाखात काम काढा.

स्कॅनरपासून सुरुवात करू. घरच्या प्रिंटरवरचे आणि चपटे स्वस्त स्कॅनर बहुतेक सीआयएस सेन्सरचे असतात. काचेला टेकलेलं तेवढंच त्यांना स्पष्ट दिसतं. फोटोची कड दोन-तीन मिलिमीटर वर उचलली गेली, तर तेवढा भाग पुसट येतो. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर जाड आणि महाग असतो, पण वळलेला फोटोही नीट टिपतो. सपाट फोटोंना सीआयएस पुरतो. वळलेला फोटो मात्र काचेवर दाबून सरळ करू नका, वरचा थर तडकतो. दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा आणि आठवडाभर विसरून जा.

चार बाय सहा इंचांच्या छापील फोटोला ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, घ्या. त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) रंगीत टिफ प्रकारची चित्राची फाइल साधारण २६ एमबीची होते. म्हणजे हजार फोटोंना २६ जीबी. एवढी जागा आज कुठल्याही डिस्कवर असते, त्यामुळे ३०० वर काटकसर करण्यात अर्थ नाही. उलट सगळंच १२०० वर केलं, तर त्याच फोटोची फाइल १०० एमबीच्या वर जाते आणि बहुतेक वेळा वाढतो तो फक्त कागदाचा पोत. याला एक मोठा अपवाद आहे. बॉक्स कॅमेऱ्याच्या जमान्यातले सहा बाय नऊ सेंटीमीटरचे छोटे फोटो निगेटिव्हच कागदावर टेकवून छापलेले असायचे. त्यांत डोळ्यांना दिसतो त्याहून बराच जास्त तपशील दडलेला असतो. ते १२०० वरच करा. मागच्या भिंतीवरची पाटी, हातातल्या पुस्तकाचं नाव अशा गोष्टी तिथेच सापडतात.

काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळटपणा, शाईचे डाग, मागचा शिक्का हे सगळं पुढे ओळख पटवायला लागतं. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप धूळ काढणं, धारदार करणं, रंग सुधारणं बंद ठेवा. धूळ काढणाऱ्या सोयीला साडीवरची बुट्टीसुद्धा धूळच वाटते. दुरुस्ती करायची ती नंतर, प्रतीवर. मूळ टिफला हात लावायचा नाही.

फोटोवरची धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवा. ओला रुमाल नको, तोंडाची फुंकर तर नकोच, थुंकीचा बारीक थेंब कायमचा डाग होऊन बसतो. काच पुसताना द्रव कापडावर घ्या. थेट काचेवर फवारला, तर कडेने आत जातो आणि काचेच्या खालच्या बाजूने धुकं धरतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले चिकट पानांचे अल्बम सगळ्यात त्रास देतात. वरचं प्लास्टिक उचलायचं आणि खाली रेघारेघांच्या गोंदावर फोटो बसवायचे, तेच ते. गोंद वाळून फोटो पानाला जखडलेले असतात. नखाने किंवा सुरीने उचकटू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा धागा फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळू पुढेमागे करा. तरी निघेना, तर पान आहे तसंच, प्लास्टिक बाजूला करून स्कॅन करा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल, तर तोही सोडवायचा नाही. काचेसकट टिपायचा, आणि ते काम मोबाइलचं.

मोबाइलने टिपताना फोटो टेबलावर सपाट ठेवा आणि मोबाइल वर स्टँडला आडवा बांधा. वाइड लेन्स वापरू नका, कडा वाकतात. मुख्य लेन्स किंवा २ एक्स घ्या आणि थोडं लांबून टिपा. मोबाइल फोटोला समांतर आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. फोटोच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा. आरशात दिसणारी लेन्स स्क्रीनच्या बरोबर मध्यावर आली की समांतर झालं. प्रकाशाला एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन ९ वॅटचे एलईडी बल्ब डाव्या-उजव्या बाजूला ४५ अंशांत, साधारण दोन फुटांवर लावा. खिडकी, ट्यूबलाइट, पंखा बंद. आधी कोरा पांढरा कागद टिपून चारही कोपरे सारखे उजळ आहेत का ते पाहा. चित्रात आडवे पट्टे आले, तर दोष मोबाइलचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब येत असेल, तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढा.

मोडी कागदांचा रिवाज थोडा वेगळा. घड्या इस्त्रीने मोडू नका, टीपकागद आणि वजन, तेवढंच. ४०० डीपीआय पुरे, पण रंगीतच. पातळ कागदावर मागची शाई पुढे उमटते. मागे काळा कार्डपेपर ठेवून स्कॅन केलं, तर ती बरीच दबते. मागची बाजू कोरी दिसली तरी स्कॅन करा, पत्ता किंवा तारखेचा शेरा तिथे असतो. लांब वळकटी तुकड्यांत घेताना प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर एक तृतीयांश तरी यायला हवा, नाहीतर जोडताना ओळी सरकतात. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली, फाँटही मिळतात. तरी कागद वाचणं अजून जाणकार माणसाचंच काम आहे.

छापील मराठी मजकुराचं मात्र ओसीआर होतं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणक ओळखून मजकूर काढून देतो. त्यासाठीच्या टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा संच आहे आणि ३०० डीपीआयच्या स्वच्छ पानावर तो चांगला चालतो. निघालेला मजकूर तपासताना जुन्या लग्नपत्रिकेतलं ‘कांहीं’, ‘घरीं’ सुधारत बसू नका. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. ते दिसले, तर मजकूर बहुधा त्याआधीचा किंवा जुन्या वळणाच्या माणसाने लिहिलेला आहे. तो पुरावा पुसला जायला नको.

काळ ठरवायला आणखी खुणा आहेत. लग्नपत्रिकेवर शके असेल, तर चैत्र ते डिसेंबरसाठी ७८ मिळवा आणि जानेवारी ते फाल्गुनसाठी ७९. शके १८८६ च्या वैशाखातलं लग्न म्हणजे १९६४ सालचं. बडोद्यातल्या दुकानाच्या पावतीवर विक्रम संवत असतो आणि गुजरातचं वर्ष कार्तिकात सुरू होतं. म्हणून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा, पुढे आश्विनापर्यंत ५६. इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांचे कागद यांत मिसळलेले असतील, तर सांभाळा, तिकडचा संवत चैत्रात बदलतो. जुन्या मोडी पत्रांत सुहूर सन ही वेगळी कालगणना असते. तो सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि तो एककापासून वाचायचा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. हा सन मृगाला सुरू होतो. मृग ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारीपासून ६००. ११६१ चा जानेवारी म्हणजे १७६१, पानिपताचा.

फोटोमागचा स्टुडिओचा शिक्काही बोलतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. सरकारी कागदावर बडोद्याच्या नावाबरोबर मुंबई राज्य असेल, तर तो १ मे १९४९ ते ३० एप्रिल १९६० या काळातला. पाकिटाच्या तिकिटावर ‘नये पैसे’ असतील, तर पत्र १९५७ च्या एप्रिलच्या आधीचं नाही. सुरसागर तलावाच्या मध्यावर महादेवाचा पुतळा दिसत असेल, तर तो फोटो १९९० च्या आधीचा असू शकत नाही.

आता नावं. या सगळ्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, स्कॅनिंगपेक्षाही जास्त. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा : आधी वर्ष, महिना, दिवस, मग प्रसंग, मग क्रमांक. माहीत नसलेल्या जागी शून्यं. म्हणजे १९६४-०५-००_लग्न_०१२, पण रोमनमध्ये. देवनागरीवर राग नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि वेब पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. ‘लग्न’ एवढ्याशा शब्दाची (ल, ग, हलंत, न अशी चार चिन्हं) छत्तीस. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. ‘ऱ’ तर दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा. दोन संगणकांवर दिसायला तंतोतंत सारखी, पण वेगळी नावं तयार होतात आणि शोधाला काहीच सापडत नाही.

मराठीत लिहायचं ते फोटोच्या आत, वर्णनाच्या रकान्यात. डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर किंवा एक्झिफटूल वापरा आणि वर्णन एक्सएमपी या फाइलीतच माहिती ठेवायच्या प्रकारात जातंय ना ते पाहा, तिथे देवनागरी सुरक्षित राहते. एक्झिफ या जुन्या प्रकारातलं वर्णन आस्कीपुरतंच (साध्या इंग्रजी अक्षरांपुरतं) बनलेलं होतं, त्यात मराठीची प्रश्नचिन्हं होतात. फोटो काढल्याची तारीखही बदला. नाहीतर फोटोंच्या ॲपमध्ये पणजोबा या वर्षीच्या मे महिन्यात जाऊन बसतात.

वर्णनात ‘नाना, ताईआत्या आणि माई’ असं लिहिलंत, तर वीस वर्षांनी त्याचा उपयोग शून्य. कोणाची आत्या? घराघरांत एक नाना असतो. पूर्ण नाव लिहा. बायकांची दोन्ही नावं लिहा, कारण आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायचं. माहेरची ‘सिंधू’ आणि सासरची ‘विजया’ ही एकच व्यक्ती आहे हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. डावीकडून उजवीकडे, उभे आणि बसलेले वेगळे, अशा क्रमाने नोंदवा.

हे विचारायला दुपारच्या चहानंतर बसा. टॅबलेटवर फोटो मोठा करून दाखवा आणि दुसऱ्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. फोटो बदलला की त्याचा क्रमांक मोठ्याने बोला, म्हणजे नंतर जुळवता येतं. एका बैठकीत पंचवीस-तीस फोटो पुष्कळ झाले. त्यानंतर आजी थकते आणि ‘असेल कोणीतरी’ म्हणू लागते. खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज खरा म्हणून लिहू नका. नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला, तर तो लहान होतो आणि आत लिहिलेली नावं गळून पडतात.

तीन प्रती ठेवा : एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर. पुण्याच्या बहिणीकडची डिस्क किंवा क्लाउड, दोन्ही चालतात. बडोद्यातल्याच दोन घरांत ठेवलेल्या प्रती एकाच पुरात जाऊ शकतात. पेनड्राइव्ह यात धरू नका, आणि एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. दर दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला डिस्क जोडून चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, तिच्यात बदल झाला की बदलणारा आकडा) जुळवून बघा. टिफ उघडते एवढ्यावर विश्वास ठेवू नका, खालचा अर्धा भाग करडा झालेला असू शकतो.

मूळ फोटो पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा. वास मारणारं पीव्हीसी नको, लॅमिनेशन तर कधीच नको. जागा मधल्या फळीवर. माळ्यावर उन्हाळा भाजून काढतो, खाली पाणी येतं.

आणि भिजलेच, तर एकमेकांवर वाळू देऊ नका, वाळले की वीट होते. ओले असतानाच अलगद सुटे करा, स्वच्छ गार पाण्यात चिखल जाऊ द्या, चित्राची बाजू वर करून सुती कापडावर पसरा. पुसू नका, उन्हात ठेवू नका. हात पुरत नसतील, तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये टाका. दोन दिवसांच्या आत टाकले, तर बुरशीला वाव मिळत नाही. मग वीज-पाणी सुरळीत झाल्यावर थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येतात. शाईने लिहिलेली पत्रं धुवायची नाहीत, ती तशीच गोठवायची.