वाहतूक आराखड्यात आरोग्य शेवटच्या पानावर? या चुका टाळा

प्रादेशिक वाहतूक आराखडा हाती आला की मी आधी अनुक्रमणिका चाळते. 'सार्वजनिक आरोग्य' हे प्रकरण परिशिष्टाच्या जरा अलीकडे दिसलं, की आत काय असणार याचा अंदाज येतो: हवा स्वच्छ राहावी, लोकांनी चालावं, झाडं लावावीत. यात वावगं काहीच नाही. पण तोवर कोणता रस्ता रुंद होणार, पूल कुठे उतरणार, निधी कशाला जाणार हे सगळं ठरून गेलेलं असतं. आरोग्याच्या विचारामुळे एकही निर्णय बदललेला नसतो.

आरोग्याला प्रकरण दिलं, गुण दिले नाहीत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते. सुचवलेल्या प्रकल्पांची यादी नेहमीच उपलब्ध निधीपेक्षा लांब असते. मग प्रत्येक प्रकल्पाला निकषांनुसार गुण देऊन क्रम लावतात. या तक्त्यात वेळेची बचत आणि कोंडी यांनाच भरघोस गुण असतील, तर आरोग्याचं प्रकरण कितीही कळकळीने लिहिलेलं असो, निवड रुंदीकरणाचीच होणार.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल परिसराच्या नियोजन संस्थेने २०१० मध्ये २०३५ पर्यंतचा आराखडा करताना हा तक्ताच बदलला. १०० पैकी ६० गुण हवेची गुणवत्ता, अपघातांतल्या दुखापती, चालण्या-सायकलची सोय आणि वंचित वस्त्यांपर्यंतची पोहोच अशा गोष्टींना दिले. परिणामी निवडलेल्या रस्ते प्रकल्पांपैकी सुमारे ७० टक्के प्रकल्पांत पदपथ किंवा सायकलमार्ग आले. आधीच्या आराखड्यात हे प्रमाण जेमतेम २ टक्के होतं.

तुमच्याकडे आराखडा आधीच पुढे सरकला असेल, तर बैठकीत एवढंच विचारा: आरोग्याच्या निकषामुळे कोणता प्रकल्प वर आला आणि कोणता खाली गेला? उत्तर 'एकही नाही' असं आलं, तर गुणांचा तक्ता पुन्हा उघडायला लावा. आरोग्य खात्याचा माणूसही निकष ठरण्याआधीच बोलवा. अंतिम मसुदा पाठवून अभिप्राय मागितला की अभिप्राय येतो, पण त्याचं पुढे काही होत नाही.

वाचलेल्या मिनिटांवर भिस्त ठेवली

रुंदीकरणाच्या बाजूने मांडलेला बहुतेक हिशेब वाचलेल्या मिनिटांचा असतो. ती मिनिटं टिकत नाहीत. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकन शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की महामार्गाच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते. म्हणजे कोंडी परत येते आणि सोबत जास्तीचा धूर व गोंगाट आणते. नवी वाहतूक न धरता केलेल्या अंदाजावर सही करू नका.

सरासरीवर समाधान मानलं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. आराखड्यात मात्र साऱ्या प्रदेशाचा एकच सरासरी आकडा असतो, आणि तो दूरच्या मापन केंद्रावरचा. मोठ्या रस्त्याच्या धुराचा त्रास सर्वाधिक होतो तो साधारण ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात. म्हणून नकाशावर हा पट्टा आखा आणि त्यात किती शाळा, पाळणाघरं, दवाखाने आणि घरं येतात ते मोजा. बहुतेक ठिकाणी या पट्ट्यात राहणाऱ्यांपैकी कितीतरी घरांत गाडीच नसते. धूर त्यांच्या वाट्याला, प्रवास दुसऱ्याच्या. ही गोष्ट सरासरीत दिसत नाही, नकाशावर लगेच दिसते.

'पुढे सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक होतील' हे यावरचं उत्तर नव्हे. टायर, ब्रेक आणि रस्त्याची धूळ तेव्हाही उडणारच. धडक बसल्यावर गाडी कशावर चालते याने काय फरक पडतो?

सिग्नल तरुण पायांसाठी लावला

समजा, रस्ता २४ मीटर रुंद आहे. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून हिरवा दिवा २० सेकंदांचा ठेवला. कागदावर चोख. आता काठी टेकत, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेऊन निघालेल्या आजी बघा. त्यांचा वेग ०.८ मीटर. दिवा बदलतो तेव्हा त्या १६ मीटरवर असतात, दुभाजक मागे पडलेला, समोर अजून ८ मीटर आणि गाड्यांची इंजिनं गुरगुरायला लागलेली. दोनदा असं झालं की आजी दवाखान्यात जायचं टाळतात. अपघाताच्या नोंदीत हे कुठेही येत नाही, पण रक्तदाबाची गोळी चुकते ती इथेच.

उपाय अवघड नाही. दवाखाना, शाळा आणि बाजार यांच्याजवळचे सिग्नल ०.८ मीटरने मोजा, किंवा दुभाजकावर थांबायला पुरेशी जागा द्या. पादचारी पूल बांधून प्रश्न मिटवू नका. रस्ता सपाट ठेवायचा गाडीसाठी आणि जिने चढायला लावायचे चालणाऱ्याला, हे मला कधीच पटलेलं नाही. लोक पूल टाळून खालूनच धावतात, आणि मग दोष त्यांनाच दिला जातो.

फक्त पोलिसांच्या नोंदी पाहिल्या

२०२१ मध्ये जगभरात सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यांवर दगावली. ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. पण घसरून पडलेला सायकलस्वार किंवा गाडीचा धक्का लागून मनगट मोडलेली बाई पोलिसांकडे जात नाही, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. रुग्णालयांतल्या अपघात विभागाच्या नोंदी, रुग्णाचं नाव काढून आणि ठिकाण ठेवून, पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहा. नकाशावर नवीनच ठिपके उमटतील.

चालणाऱ्यांच्या मोजणीतही असंच होतं. सर्वेक्षणात 'मुख्य साधन' एवढंच विचारलं, तर बस थांब्यापर्यंतची दहा मिनिटांची चाल गळून पडते. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल हवी. जाता-येता दहा-दहा मिनिटं, पाच दिवस, म्हणजे १०० मिनिटं थांब्याच्या वाटेवरच होतात. ती वाट उखडलेली किंवा अंधारी असेल तर तेवढीही होत नाहीत.

निधी संपला म्हणून हात टेकले

आराखडा मंजूर झालाय, पैसे वाटून झालेत, अशा वेळी लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी वेगमर्यादेकडे बोट दाखवते. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. वेग उतरवल्यावर हाच हिशेब आपल्या बाजूने चालतो. शाळेसमोर आणि वस्तीतून जाणाऱ्या तुकड्यावर ताशी ३० किलोमीटर, तो वेग पाळला जाईल अशी अरुंद मार्गिका आणि पदपथाच्या पातळीपर्यंत उंचावलेलं क्रॉसिंग, एवढं दुरुस्तीच्या निधीत बसतं. पुढच्या डांबरीकरणाची यादी मागवा आणि त्यातले असे तुकडे आजच खुणा करून ठेवा.