सीबीडी आकडी कशी आवरतं? कागदावर काढून समजून घ्या

प्रिस्क्रिप्शनवर 'कॅनाबिडिऑल', म्हणजेच सीबीडी, दिसलं की आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: "हे भांगेच्या झाडातलंच ना? पोराला नशा होईल का?" अपस्माराच्या औषधांबद्दल पालकांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. अशा वेळी मी कोरा कागद पुढे करते आणि पेन त्यांच्याच हातात देते. स्वतः काढलेलं चित्र डोक्यात राहतं, म्हणून तुम्हीही पेन घ्या.

आधी एक चेतापेशी काढा. तिचं टोक फुगीर ठेवा आणि त्यात बारीक गोल भरा, त्या ग्लुटामेटच्या पिशव्या. खाली जराशी फट सोडा, फटीपलीकडे संदेश घेणारी पेशी. आता बाजूने तिसऱ्या पेशीचं टोक आणून त्याच खालच्या पेशीवर टेकवा. त्यातून गाबा सुटतं. ग्लुटामेट खालच्या पेशीला चेतवतं, गाबा तिला शांत करतं. आकडी येते तेव्हा असंख्य पेशी एकदम, एकाच तालात पेटलेल्या असतात. पिशव्या मात्र आपोआप रिकाम्या होत नाहीत. टोकात कॅल्शियम वाढलं तरच होतात. म्हणून फुगीर टोकात 'कॅल्शियम' हा शब्द ठळक लिहा. पुढचं बरंचसं तिथेच घडतं.

नशेचा प्रश्न इथेच मिटवून टाकू. त्याच टोकावर एक रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू जिथे बसतात ती जागा, काढा, नाव सीबी१. भांगेतलं टीएचसी त्याच्यावर बसतं आणि नशा होते. सीबीडी त्या जागी जेमतेमच चिकटतं. दोन्ही रेणू एकाच झाडाचे. इस्रायलमधल्या राफाएल मेशुलाम यांच्या गटाने १९६३ मध्ये सीबीडीची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी टीएचसीची. पण पेशीच्या दारात दोघांची वाट वेगळी.

आता शेजारी दुसरा रिसेप्टर काढा, जीपीआर५५. इथे जरा थांबा, कारण माझ्या मते चित्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. एलपीआय नावाचा एक स्निग्ध रेणू मेंदू स्वतःच तयार करतो. तो जीपीआर५५ वर बसला की पेशीच्या आतल्या साठ्यांतून कॅल्शियम सुटतं आणि ग्लुटामेट जास्त बाहेर पडतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: हाच एलपीआय समोरच्या पेशीवरची गाबाची पकडही ढिली करतो आणि आकड्यांमुळे एलपीआय व जीपीआर५५ दोन्ही वाढतात. म्हणजे आकडीच पुढच्या आकडीला वाट करून देते. हे चक्र बाणांनी काढा. सीबीडी जीपीआर५५ अडवून धरतं, तिथे फुली मारा.

उरलेल्या दोन जागा झटपट. टीआरपीव्ही१ हे मिरचीची आग जाणवून देणारं दार, त्यातूनही कॅल्शियम आत येतं. सीबीडी त्याला आधी उघडतं आणि मग बधिर करतं. दुसरी जागा अ‍ॅडेनोसिनची. हा रेणू पेशीबाहेर असताना चेतापेशींना शांत ठेवतो. सीबीडी त्याला आत ओढून घेणारी वाट रोखतं, त्यामुळे तो बाहेर जास्त वेळ टिकतो. यातला कुठला परिणाम रुग्णाला किती उपयोगी पडतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. औषधाच्या माहितीपत्रकातही तसं स्पष्ट म्हटलं आहे.

ड्रॅव्हे सिंड्रोम, म्हणजे लहानपणीच सुरू होणारा तीव्र अपस्मार, असेल तर गाबाच्या पेशीवर खूण करा. या आजारात बहुतेकांच्या एससीएन१ए जनुकात दोष असतो आणि त्याचा फटका मुख्यतः या शांत करणाऱ्या पेशींच्या सोडियम वाहिन्यांना, म्हणजे पेशीला संदेश पाठवायला लागणाऱ्या दारांना, बसतो. म्हणूनच कार्बामॅझेपिनसारखी सोडियम वाहिन्या रोखणारी औषधं इथे आकड्या वाढवू शकतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० मुलांच्या व तरुणांच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांच्या महिन्याच्या आकड्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. प्लासिबो, म्हणजे सीबीडी नसलेलं दिखाऊ औषध, घेणाऱ्यांचा १४.९ वरून १४.१. आकड्या पूर्ण थांबलेले थोडेच होते, हेही मी पालकांना आधीच सांगते. पुढच्या वर्षी अमेरिकेत एपिडायोलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला मंजुरी मिळाली.

कागद उलटा आणि यकृत काढा. क्लोबाझम या आकडीच्या दुसऱ्या औषधापासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक यकृतातलं एक विकर (एन्झाइम) मोडतं, सीबीडी त्याच विकराला अडवतं. तो घटक रक्तात साधारण तिप्पट होऊ शकतो. मूल दिवसभर पेंगायला लागलं तर डॉक्टरांना कळवा, क्लोबाझमचा डोस कमी करावा लागू शकतो. व्हॅल्प्रोएट हे आकडीचं औषधही चालू असेल तर यकृताची विकरं वाढण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला आणि मग १, ३ व ६ महिन्यांनी होणारी रक्ततपासणी चुकवू नका.

डोस डॉक्टर ठरवतील, पण हिशेब तुम्हालाही यायला हवा. नेहमीची सुरुवात एका वेळी किलोमागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. २० किलोच्या मुलाला एका वेळी ५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे ०.५ मिलिलिटर. चमच्याने नाही, सिरिंजनेच मोजा. स्निग्ध जेवणाबरोबर हे औषध चार-पाच पट जास्त शोषलं जातं, म्हणून आज उपाशीपोटी आणि उद्या जेवणानंतर असं करू नका. रोज एकच पद्धत ठेवा. हे आकडे फक्त शुद्ध औषधाचे. 'सीबीडी तेल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत सीबीडी किती आणि टीएचसी किती, याचा भरवसा नसतो. औषध एकदम बंद करू नका, आकड्या उसळतात. आणि बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहून ठेवा. १२ आठवड्यांनंतर उरलेलं औषध वापरायचं नाही.